तीन पाती, दोन कमानी

एखादा जुना ‘व्हिटलर’ घडणीचा खिशातला चाकू हाती आला, तर पाती उघडण्याची घाई न करता आधी तो मिटलेलाच धरावा आणि त्याची पाठ निरखावी. मूठ जेमतेम सव्वातीन-साडेतीन इंच लांबीची, दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या, बाजूंना कोरीव रेघांचे तपकिरी हाड. पाठीवर पोलादाच्या दोन चपट्या कमानी शेजारी शेजारी निजलेल्या दिसतात. एका टोकाला त्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की मधली रेघ शोधावी लागते. दुसऱ्या टोकाकडे जाता जाता मात्र त्या हळूहळू विलग होतात आणि त्यांच्या मधोमध पितळेची एक निमुळती पाचर डोके वर काढते. आता चिकटलेल्या बाजूचे मोठे पाते नखाच्या खाचेत नख घालून उघडले, तर दोन्ही कमानी एकदम जोर लावतात आणि खणखणीत ‘टक्’ असा आवाज होतो. दुसऱ्या बाजूची दोन लहान पाती उघडताना तोच आवाज नाजूक येतो, कारण त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकच कमान आहे. पाती तीन आणि कमानी दोन, एवढ्या साध्या हिशोबावर हा चाकू उभा आहे. तिसऱ्या पात्यासाठी तिसरी कमान घातली असती, तर चाकू इतका जाड झाला असता की बंडीच्या खिशात तो विटेसारखा लोंबकळला असता. हा हिशोब जमायला माणसाला काही शतके लागली. आपण त्या शतकांतून सावकाश चालत येऊ.

घडीचा चाकू ही कल्पना कमानीहून फार जुनी. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे लोहयुगातला, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा, घडी होणारा चाकू सापडलेला आहे. रोमन लोकांनी तर या खेळण्यात हौस ओतली. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक चांदीचे रोमन उपकरण आहे. त्यात चमचा, काटा, टोचा आणि चाकू एकाच दांड्यात मिटतात. पण या सगळ्या पूर्वजांत एक उणीव होती. पाते उघडे राही ते केवळ खिळ्याच्या घट्टपणामुळे, किंवा वापरणाऱ्याच्या अंगठ्याच्या दाबामुळे. वापर वाढला की खिळा सैल होई आणि पाते नको त्या क्षणी बोटांवर येई. पुढची हजारेक वर्षे युरोपातील शेतकरी असाच चाकू वापरत राहिला. ज्याला भरवशाचे हत्यार हवे तो न मिटणारी सुरी म्यानात घालून कमरेला लावी.

अशाच एका न मिटणाऱ्या सुरीत आपल्या चाकूच्या नावाचे मूळ आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टनचा एक गिरणीवाला येतो. गडी मोठा भांडखोर. कमरेला लांब पाते, कसात लहान खंजीर, आणि एवढ्याने भागले नाही म्हणून पायमोज्यात खोचलेला एक ‘थ्विटल’, तोही शेफील्डचा. इंग्रजी साहित्यात शेफील्डच्या चाकूचा हा सुप्रसिद्ध आरंभीचा उल्लेख. ‘थ्विटल’ हा शब्द ‘तासणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आलेला. पुढे जिभेवर घासून त्याचा ‘व्हिटल’ झाला. आधी तो सुरीचे नाव होता, नंतर त्या सुरीने लाकूड तासण्याच्या क्रियेचे नाव झाला, त्यातून तासणाऱ्या माणसाला ‘व्हिटलर’ म्हणू लागले, आणि शेवटी अटलांटिकच्या पलीकडे तेच नाव पुन्हा एका चाकूला चिकटले. शब्दाने एक पूर्ण फेरी मारली, पण घरी परतला तेव्हा त्याच्या हाती एकाऐवजी तीन पाती होती.

शेफील्ड या गावाला हे भाग्य लाभले ते नद्यांमुळे. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन या पाच प्रवाहांच्या उतारावर पाणचक्क्या बसल्या. आसपासच्या डोंगरांतला भरड वालुकाश्म सहाणेच्या चाकांसाठी नामी निघाला. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथे ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही कारागिरांची संघटना स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराची खूण नोंदली जाऊ लागली. याच शतकाच्या मध्यानंतर आपल्या कथेतले पहिले मोठे वळण येते. पात्याच्या बुंध्यावर रेटून बसणारी पोलादी कमान शेफील्डच्या घडीच्या चाकूत रूढ झाली. बुंधा एका बाजूने सपाट कापलेला असतो. पाते उघडले की त्या सपाटीवर कमान बसते, मिटताना तिला उचलावे लागते आणि मग ती दुसऱ्या सपाटीवर आदळते. कुलूप नाही, कळ नाही, खटका नाही. कमानीचा ताण आणि बुंध्याचा आकार यांच्यातली ही समजूत आजच्या व्हिटलरमध्येही जशीच्या तशी आहे.

कमान आली तरी तिला साजेसे पोलाद यायला आणखी शंभर वर्षे गेली. डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन आपल्या घड्याळांच्या कमानींसाठी एकजीव पोलादाच्या शोधात होता. १७४० च्या दशकात त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद वितळवून ओतण्याची रीत सिद्ध केली, आणि १७५१ साली शेफील्डजवळच्या ॲटरक्लिफला आपला कारखाना हलवला. गंमत अशी की शेफील्डच्या चाकूवाल्यांनी हे पोलाद आधी नाकारले. ते फार कठीण, घडवायला जड, असा त्यांचा आक्षेप होता. हंट्समनने मग ते फ्रेंचांना विकले, फ्रेंच चाकू सरस ठरू लागले आणि तेव्हा कुठे शेफील्डकरांचे डोळे उघडले. त्याचे गुपित पळवण्यासाठी एक कारखानदार थंडीच्या रात्री भिकाऱ्याच्या वेषात भट्टीशी शेकायला आला होता, अशी दंतकथाही तिथे सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, घड्याळाची कमान आणि चाकूची कमान या दोघी एकाच मुशीतल्या बहिणी आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे.

या पोलादाने शक्य केले ते पेनचाकूचे लहान, पातळ, नाजूक पाते. त्या काळी लिहायचे ते हंसपिसाने, आणि पिसाची चोच दिवसातून अनेकदा छाटावी लागे. आपल्याकडेही बोरू छाटायला वेगळा धारदार चाकू बाळगत, त्याला फारसीत ‘कलमतराश’ म्हणत. आपला ‘चाकू’ हा शब्दही फारसीच्याच वाटेने आला. इंग्रज कारकुनाच्या गरजेतून तिथे पेनचाकू घडला, तेव्हा एकाच मुठीत दोन पाती हवी झाली. एक पिसाची बाजू उतरवायला, दुसरे चोच चिरायला, कारण एकाची धार गेली तर काम अडून राहू नये. मग कुणाला दोरी, फळ, काठी यांसाठी तिसरे दणकट पातेही हवे झाले. इथे कारागिरापुढे सुरुवातीला आपण पाहिलेले कोडे उभे राहिले. कमानी दोनच ठेवायच्या, तर तिसरे पाते कुठे टेकवायचे? उत्तर असे निघाले की मोठे पाते दोन कमानींच्या एकत्र जाडीइतके रुंद बुंध्याचे करावे आणि दोघींवर टेकवावे. समोरच्या टोकाला दोन्ही लहान पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये पाचर घालावी, आणि ती मोठ्या पात्याकडे जाता जाता निमुळती होत संपवावी. एकोणिसाव्या शतकातल्या शेफील्डच्या पेनचाकूंत ही दुभंगलेल्या पाठीची रचना जागोजाग आढळते. तिचे पेटंट कुणा एकाच्या नावे मिरवले जात नाही. ती ‘लिटल मेस्टर’ म्हणवणाऱ्या छोट्या कारागिरांच्या खोल्यांतली अक्कल आहे.

त्या खोल्यांत क्षणभर डोकावू. खिडकीशी एक बाक, बाकाला पकड, आणि कारागिराच्या छातीवर बांधलेला एक पोलादी पत्रा. या पत्र्यावर गिरमिटाचे बूड टेकवून तो पुढे रेटायचा आणि धनुकलीच्या दोरीने गिरमिट फिरवायचा. मुठीवरच्या छोट्या ढालीच्या आकाराच्या चांदीच्या पत्रीसाठी हाडात खाच पडे ती अशीच. व्हिटलर जुळवणे हे त्याच्या कसबाची परीक्षा असे. दोन कमानींपैकी एक केसभर उंच राहिली, तर मोठे पाते कलते आणि पाठीवर पायरी पडते. म्हणून तो चाकू जुळवी, पाहून पुन्हा खोली, कानशीचे दोन हात मारी आणि पुन्हा जुळवी. जाणकारांच्या बोलीत चांगल्या चाकूला ‘चाल’ असते आणि ‘बोल’ असतो. पाते अडखळत न जाता फिरते ती त्याची चाल, आणि शेवटी कमान बसताना वाजते तो बोल. पाती घासणाऱ्यांचे नशीब मात्र या बोलाइतके गोड नव्हते. दगड आणि पोलाद यांची धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचे. शेफील्डच्या डॉक्टर नाइटच्या नोंदींचा आधार घेऊन फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, कोरड्या सहाणेवर काम करणारे क्वचितच पस्तिशी गाठतात आणि ओल्या सहाणेवरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतात. संग्राहकाच्या पेटीत मखमलीवर झोपलेला दीडशे वर्षांचा चाकू बहुधा तो घासणाऱ्याच्या तिप्पट-चौपट जगलेला असतो.

या कारागिरीवर नाव गाजले ते कारखानदारांचे. १६८२ साली नोंदलेली तारा आणि माल्टीज क्रूस ही खूण १७६४ मध्ये रॉजर्स घराण्याकडे आली, आणि जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव मुंबई-कलकत्त्यापर्यंत पोचले. १८२२ साली त्यांनी सनाइतक्याच, म्हणजे १८२२ पात्यांचा एक चाकू करून दाखवला आणि पुढे वर्षाला एक पाते वाढवण्याची प्रथा पाडली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी त्यांनी पंचाहत्तर पात्यांचा ‘नॉरफोक चाकू’ घडवला. ही झाली मिरवणूक. खिशाच्या दृष्टीने त्यांची खरी देणगी वेगळी आहे. लॉर्ड वॉर्नक्लिफ आणि त्यांचे एक नातलग यांच्या जेवणानंतरच्या गप्पांतून नव्या आकाराच्या चाकूची कल्पना निघाली आणि रॉजर्सने ती उतरवली, असे परंपरा सांगते. सरळ धारेचे आणि पाठीने टोकाकडे उतरत जाणारे ते पाते आजही ‘वॉर्नक्लिफ’ म्हणून ओळखले जाते. लाकडावर नेमकी रेघ मारायला त्याच्यासारखे पाते नाही, म्हणून कित्येक व्हिटलरांत मोठे पाते याच घडणीचे असते.

आणि नेमक्या याच भरभराटीत पेनचाकूचे मूळ काम त्याच्या हातून गेले. ते हिरावणारा माणूस शेफील्डचाच निघाला. जोसेफ गिलॉट १७९९ साली तिथे जन्मला, चाकूंच्या धंद्यात हात तयार करून १८२१ मध्ये बर्मिंगहॅमला गेला, आणि १८३० च्या सुमारास यंत्रावर पोलादी निबा काढू लागला. आपल्याकडे बोरूची जागा ज्या टाकाने घेतली, त्या टाकाची ही आजी. निबेला छाटावे लागत नाही. पेन्सिलीला टोक काढण्याचे काम तेवढे चाकूकडे उरले, तर १८२८ साली फ्रान्समध्ये बर्नार लासिमोनने पेन्सिल तासण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होतेच. एवढे झाल्यावर हा चाकू इतिहासजमा व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण तोवर त्याला समुद्रापलीकडे दुसरा धनी मिळाला होता.

अमेरिकेत लाकूड उदंड आणि संध्याकाळी लांब. दुकानाच्या पायरीवर, कोर्टाच्या आवारात, बोटीच्या धक्क्यावर काठीचा तुकडा घेऊन तो तासत बसणे हा तिथल्या पुरुषांचा जणू राष्ट्रीय विरंगुळा झाला. काही घडलेच पाहिजे असे नव्हते. आपल्याकडे पारावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत गप्पा चालतात, तशी तिथे शिलपी पडत राहत. हे गिऱ्हाईक शेफील्डने इतके ओळखले की जॉर्ज वोस्टनहोमने आपल्या कारखान्याचे नावच ‘वॉशिंग्टन वर्क्स’ ठेवले. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या खिशातल्या वस्तूंत हस्तिदंती मुठीचा एक चाकू होता. तो आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. दरम्यान शेफील्डचे कारागीरही बोटीत बसू लागले होते. कनेक्टिकटमध्ये हॉली यांचा कारखाना १८४४ सालचा, तर शेफील्डहून आलेल्या हातांनी उभारलेली न्यूयॉर्क नाइफ कंपनी १८५२ सालची. चार वर्षांनी ती वॉल्डन गावी गेली आणि त्या गावाची ओळखच चाकू झाली.

निर्णायक घाव मात्र कायद्याने घातला. १८९० च्या मॅकिन्ली जकातीने परदेशी चाकूंवर असा कर लादला की शेफील्डचा अमेरिकन बाजार कोसळला. १८९७ च्या डिंगली जकातीने उरलेसुरले काम केले. याच १८९० च्या कायद्यात आयात मालावर देशाचे नाव उठवण्याची सक्ती होती. म्हणून आज जुन्या चाकूच्या बुंध्यावर ‘इंग्लंड’ ही अक्षरे नसली की संग्राहकाचे डोळे चमकतात. करवसुलीचे कलम पुढे कालनिर्णयाचे साधन होईल, हे मॅकिन्लीच्या स्वप्नातही नसेल. जर्मनीतील झोलिंगेनने स्पर्धा चालू ठेवली, पण व्हिटलरचे माहेर आता पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कच्या डोंगराळ गावांत गेले. केस बंधूंनी १८८९ मध्ये सुरुवात केली आणि १९०५ मध्ये ब्रॅडफर्डला डब्ल्यू. आर. केस अँड सन्स उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांचे काम थंडावल्यावर रेमिंग्टनही १९२० च्या सुमारास चाकूंकडे वळली. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळता, नागमोडी, बाहीच्या इस्त्रीपाटासारखा, अशा एकेका आकारात व्हिटलर निघाला. १९३६ साली टँगरमनचे लाकूड तासण्यावरचे पुस्तक आले आणि मंदीच्या दिवसांत बिनखर्चाचा छंद म्हणून तासण्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली.

‘व्हिटलर’ हे नाव या विशिष्ट घडणीवर घट्ट बसले ते अमेरिकेत, आणि ते बसवण्यात संग्राहकांचा वाटा मोठा. लाकूड तासणारे लोक विरळ होत गेले, तसतसे तासणाऱ्याचे नाव चाकूला अधिक शोभू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची खेळणी आली, दूरचित्रवाणी आली, दुकानाच्या पायऱ्या ओस पडल्या. आजोबांच्या खणातला चाकू नातवाने उचलला तो कापण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी. त्या ओळखण्याची एक लिपीच तयार झाली. केसच्या बुंध्यावर ६३०८ असा आकडा असेल तर सहा म्हणजे कोरीव हाडाची मूठ, तीन म्हणजे पाती, आणि उरलेला शून्य-आठ हा घडणीचा क्रमांक. १९७० पासून या कंपनीने शिक्क्याखाली दहा ठिपके उठवले आणि दरवर्षी एक ठिपका कमी केला. १९८० ला पुन्हा दहापासून मोजणी सुरू झाली. भिंगाखाली ठिपके मोजणारा माणूस पाहिला की नाणी चाळणाऱ्या आपल्या एखाद्या इतिहास संशोधकाची आठवण व्हावी.

संग्राहक आणखीही काही पाहतो. पाते सहाणेवर घासून घासून किती उरले आहे. उजेडासमोर धरले तर कमानी आणि पाचर यांच्यामधून किरण झिरपतो का. अर्धे उघडल्यावर पाते डगमगते का. मुठीचे द्रव्य हा तर स्वतंत्र अभ्यास. हस्तिदंत, शिंपला, कासवाची पाठ यांचे दिवस गेले. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बंदीने हस्तिदंताचा व्यापार थांबवला. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कालांतराने आतून विरघळू लागतात आणि त्यांच्या वाफेने शेजारच्या चाकूंनाही गंज चढतो, म्हणून त्या वेगळ्या ठेवायच्या. आणि एक द्रव्य तर थेट आपल्या रानातले. सांबर दरवर्षी शिंगे गाळते. ती खडबडीत, तपकिरी, गाभ्यात घट्ट शिंगे दीर्घकाळ भारतातून शेफील्ड-झोलिंगेनला जात आणि ‘इंडियन स्टॅग’ म्हणून मिरवत. गेल्या शतकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. तरीही युरोपातल्या एखाद्या जुन्या चाकूच्या मुठीवर आजही मध्य भारताच्या जंगलाचा तुकडा हाताला लागू शकतो.

ही घडण बाळगणाऱ्यांचा पंथ मात्र पेटीत ठेवणाऱ्यांहून वेगळा. त्यांच्या चाकूचे पाते साध्या कार्बन पोलादाचे असते, न गंजणारे नव्हे. कैरी चिरल्यावर आपली विळी काळवंडते, तसेच सफरचंद कापल्यावर हे पाते निळसर-करडे होते. नवखा घाबरून ते घासायला घेतो. मुरलेला मात्र तो डाग जपतो, कारण तो डाग पुढच्या तांबेऱ्याला थोपवतो. मोठे पाते रोजच्या कामाला, दोन लहानांपैकी एक नेहमी धारदार राखून ठेवलेले, ही शिस्त हंसपिसाच्या काळापासून चालत आली आहे. कायद्यानेही या जुन्या रचनेला अनपेक्षित आसरा दिला. ब्रिटनच्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याने सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगण्यावर निर्बंध घातले, पण तीन इंचांपर्यंत धारेचा, घडीचा खिशातला चाकू वगळला. पुढे न्यायालयाने स्पष्ट केले की उघडल्यावर कुलपासारखा अडकणारा चाकू या सवलतीत बसत नाही. सतराव्या शतकातल्या त्या बिनकुलपी कमानीलाच अशा रीतीने विसाव्या शतकाने परवाना दिला.

आता या लांब रस्त्याच्या आपल्या टोकाला येऊ. शेफील्डमध्ये स्टॅन शॉ यांनी १९४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, इबर्सन यांच्याकडे बाक धरला आणि सात दशकांहून अधिक काळ कमानीचे चाकू हाताने घडवले. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्याबरोबर लिटल मेस्टरांची एक पिढी जवळजवळ मिटली. पेनसिल्व्हेनियातल्या टायट्सव्हिलला २००६ मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली आणि तिने जुन्या घडणी, त्यांत व्हिटलरही, लहान लहान घाण्यांत पुन्हा काढायला घेतल्या. या चाकूंचा आजचा गिऱ्हाईक सहसा लाकूड तासत नाही, पीस तर त्याने छाटलेलेच नसते. तो ऑफिसच्या टेबलाशी बसून आलेल्या खोक्याची चिकटपट्टी लहान पात्याने चिरतो, दुपारी मोठ्याने सफरचंदाच्या फोडी करतो, पाते पुसतो आणि मिटतो. दोन कमानी एकदम बसतात. आवाज नीट आला की नाही हे ऐकण्यासाठी तो तेच पाते पुन्हा एकदा उघडतो.